रोजच्या वापराचं हलकं फाउंडेशन: घेण्याआधी आणि घेतल्यावर कसं तपासायचं

फाउंडेशन लावल्यावर पहिली दहा मिनिटं जवळजवळ प्रत्येक बाटली चांगलीच वाटते. चेहरा ओलसर, एकसारखा, टवटवीत दिसतो. खरं काय ते दुपारी कळतं. नाकाच्या कडेला रंग फाटलेला असतो, गालावर भुरकट थर उठून दिसत असतो, किंवा सकाळी गळ्याशी जुळलेला चेहरा आता गळ्यापेक्षा गडद झालेला असतो. म्हणून रोज लावायचं फाउंडेशन सकाळच्या आरशात बघून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या नेहमीच्या दिवसात, तुमच्याच मॉइश्चरायझरवर, निदान आठवडाभर ते लावून बघावं लागतं.

हे मी पैसे वाया घालवून शिकले. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली मनगटाच्या आतल्या बाजूला तीन रेघा ओढल्या, मधली अगदी जुळली, बाटली घेऊन आले. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी आरसा धरला तर चेहऱ्यावर राखाडी झाक आणि मान मात्र सोनेरी. मनगटाच्या आतली त्वचा चेहऱ्याइतकं ऊन बघत नाही आणि पिवळा दिवा प्रत्येक छटेला उबदारपणा देतो, या दोन्ही गोष्टी तेव्हा माझ्या ध्यानात आल्या नव्हत्या. त्यानंतर मी जी पद्धत पाळत आले तीच इथे पायरीपायरीने मांडते आहे.

आधी बाटलीत काय आहे ते समजून घ्या

द्रव फाउंडेशनमध्ये रंग देणारी द्रव्यं मोजकीच असतात. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, आणि लाल, पिवळा, काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. बाजारातल्या बहुतेक सगळ्या छटा या चौघांच्या कमीजास्त प्रमाणातून तयार होतात. घटकांच्या यादीच्या शेवटी ते सीआय (रंगद्रव्यांच्या सूचीतला क्रमांक) ७७८९१, ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ अशा क्रमांकांनी दिसतात. कव्हरेज, म्हणजे त्वचा किती झाकली जाणार, हे मुख्यतः रंगद्रव्य किती घातलंय यावर ठरतं. हलक्या फाउंडेशनमध्ये ते कमी असतं आणि ज्यात ते मिसळलेलं असतं तो पायाही पातळ असतो.

त्यामुळे हलकं फाउंडेशन कमी झाकणारच. त्यात कुठला दोष शोधू नका. १९३८ साली बाजारात आलेलं मॅक्स फॅक्टरचं पॅन-केक रंगीत चित्रपटांच्या कॅमेऱ्यासाठी घडवलेलं होतं. प्रखर दिव्यांत चेहरा एकसारखा दिसावा म्हणून झाकणं हेच त्याचं काम. स्किन टिंट, सीरम फाउंडेशन, टिंटेड मॉइश्चरायझर या रोजच्या वस्तूंचं काम वेगळं आहे. लालसरपणा थोडा शांत करायचा, रंग थोडा सारखा करायचा आणि त्वचा त्वचेसारखीच दिसू द्यायची. तीळ दिसेल, मुरमाचा जुना डागही थोडा दिसेल. तो झाकायचाच असेल तर त्या ठिपक्यापुरतं कन्सीलर (डाग झाकणारं दाट मलम) लावा, सगळ्या चेहऱ्यावर थर वाढवू नका.

आता 'मॉइश्चरायझिंग' या शब्दाकडे वळू. ओलावा देणाऱ्या घटकांची तीन प्रकारची कामं असतात. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक अॅसिड, पॅन्थेनॉल पाणी धरून ठेवतात. स्क्वालेनसारखी तेलं खरखरीत पृष्ठभाग मऊ करतात. डायमेथिकोनसारखं सिलिकोन वर पातळ पडदा धरून पाणी उडून जाण्याला थोडा अटकाव करतं. चांगल्या बाटलीत यातली निदान दोन कामं व्हायला हवीत.

यादी वाचायची एक साधी युक्ती आहे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, पण एक टक्क्याच्या खालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारं द्रव्य, बहुधा एक टक्का किंवा त्याहून कमीच वापरलं जातं, म्हणून रंगद्रव्यं सोडली तर त्याच्या मागे आलेलं बरंचसं अगदी किंचित असतं असं धरायला हरकत नाही. हायल्युरॉनिक अॅसिड मात्र मुळातच अगदी थोडं वापरतात, ते यादीत खाली दिसलं म्हणून बाटली बाद करू नका. माझी नजर आधी ग्लिसरीनवर जाते. ते पहिल्या सहासात घटकांत असेल तर ओलाव्याचा दावा मी मनावर घेते. 'अल्कोहोल डिनॅट' वरच्या चारपाचांत दिसलं तर कोरड्या त्वचेच्या माणसाने विचार करावा, कारण ते पटकन उडून जातं म्हणून लावताना हलकं वाटतं, आणि पुढे चेहरा ओढल्यासारखा होऊ शकतो. सेटाइल किंवा सेटेराइल अल्कोहोलला मात्र घाबरू नका. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे मऊ पदार्थ आहेत आणि त्वचेला मऊपणाच देतात.

तुमची त्वचा कोरडी आहे की तहानलेली?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या त्वचेत तेल कमी असतं. तहानलेल्या त्वचेत पाणी कमी असतं, आणि अशी त्वचा वरून तेलकटही असू शकते. कपाळ चमकतंय पण तोंड धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटतात, असं अनेकांचं असतं. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, काही लावू नका आणि तासभर थांबा. सगळीकडेच ओढल्यासारखं वाटत असेल आणि बारीक पापुद्रे दिसत असतील तर तेल आणि पाणी दोन्ही देणारं, किंचित दाट फाउंडेशन बघा. कपाळ आणि नाक चमकू लागलं पण गाल ओढतायत, तर पाणी धरणारे घटक जास्त आणि तेलं कमी असलेलं पातळ फाउंडेशन बरं. सगळा चेहराच तासाभरात चकाकत असेल तर खूप 'ड्युई' (ओलसर चमक देणाऱ्या) म्हणवणाऱ्या बाटल्या दुपारपर्यंत तुम्हाला निराश करतील, हे आधीच लक्षात घ्या.

लहानशा जागी चाचणी

नवीन बाटली थेट चेहऱ्यावर लावायची घाई नको. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा थोडं लावत राहा, सात ते दहा दिवस. खाज, लाली, पुरळ आलं तर ते तिथेच कळेल. 'हायपोअॅलर्जेनिक' (अॅलर्जीची शक्यता कमी) आणि 'नॉन-कॉमेडोजेनिक' (रंध्रं न बुजवणारं) हे शब्द बाटलीवर दिसले तरी ही चाचणी टाळू नका. हे शब्द वापरण्यासाठी सगळ्यांना बांधून ठेवणारी एकच कसोटी नाही. सुगंधाने त्रास होत असेल तर यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' शोधा. आणि हेही ध्यानात असू द्या की हातावरच्या चाचणीत अॅलर्जी कळते, मुरुमं कळत नाहीत. ती यायला कित्येक आठवडे लागू शकतात. एक्झिमा, रोझेशियासारखा त्रास असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

दुकानातलं टेस्टर उघड्या बोटांनी अनेकांनी हाताळलेलं असतं. ते थेट चेहऱ्याला लावू नका, डोळ्यांच्या जवळ तर मुळीच नको. छोटी सॅम्पल डबी मागा. मिळाली तर तिच्यात पुढची बरीचशी चाचणी होते.

शेड: जबड्याची कड आणि दिवसाचा उजेड

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवावा.

शेडचे दोन भाग असतात. एक, त्वचा किती उजळ किंवा किती गडद. दोन, तिच्या खालची झाक म्हणजे अंडरटोन: पिवळसर-सोनेरी, गुलाबी-लालसर, दोन्हींच्या मधली, किंवा किंचित हिरवट म्हणजे ऑलिव्ह. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून अंडरटोन ओळखायची पद्धत सगळीकडे सांगतात. तिच्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही, कारण शिरेचा रंग त्वचा किती जाड आहे आणि उजेड कसा आहे यावरही बदलतो. त्यापेक्षा सरळ शेडच लावून बघा.

तुम्हाला जुळेलशी वाटणारी एक, तिच्याहून अर्धी पायरी उजळ आणि अर्धी पायरी गडद अशा तीन शेड घ्या. चेहरा धुऊन नेहमीचं मॉइश्चरायझर लावा आणि ते मुरू द्या. मग जबड्याच्या कडेवर, गालाच्या खालून सुरू होऊन मानेवर उतरणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या लावा. पट्टी घासू नका, बोटाने फक्त कडा थोपटा. खिडकीसमोर जा, ऊन थेट तोंडावर येणार नाही असं उभं राहा आणि आरसा हातभर लांब धरा. जी पट्टी शोधावी लागते, ती तुमची. जिच्या जागी चेहरा दुधट किंवा राखेसारखा दिसतो तिच्यात पांढरं रंगद्रव्य जास्त आहे किंवा झाक चुकलेली आहे. सावळ्या आणि गडद त्वचेला राखाडीपणा दिसला की लोक आणखी उजळ शेडकडे जातात. बहुतेक वेळा उपाय उलटा असतो: तितकीच गडद पण जास्त सोनेरी किंवा तांबूस झाक असलेली शेड.

अनेकांचं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतो. अशा वेळी कपाळाशी शेड जुळवली तर चेहरा मानेपासून वेगळा दिसतो, आणि गालाशी जुळवली तर ओठांभोवती राखाडी कडं उमटतं. मानेशी आणि छातीच्या वरच्या भागाशी जुळवा, ओठांभोवती मात्र फाउंडेशनचा अगदी निसटता हात फिरवा. हलक्या फाउंडेशनचा इथे फायदा होतो. ते थोडं पारदर्शक असल्याने शेड पाव पायरी इकडे-तिकडे झाली तरी खपून जाते.

पट्ट्या पुसायची घाई करू नका. तासभर घरकाम करा, पुन्हा खिडकीपाशी या. त्यातलं उडून जाणारं द्रव्य गेलं आणि रंगद्रव्यात त्वचेचं तेल मिसळलं की काही फाउंडेशनं गडद किंवा नारिंगी होतात. यालाच सगळे 'ऑक्सिडाइझ होणं' म्हणतात. तासाभरानंतर जी शेड जुळते ती घ्या, पहिल्या मिनिटाला जुळलेली नको.

सकाळची तयारी

क्रम असा: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, फाउंडेशन. प्रत्येक थरानंतर थांबायचं, सनस्क्रीननंतर तर पाच ते दहा मिनिटं. बोटाची पाठ गालाला टेकवली तर ती सरकायला नको, किंचित चिकटायला हवी. तेव्हा फाउंडेशनची वेळ झाली.

फाउंडेशनवर एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचं माप) लिहिलेलं असलं तरी सनस्क्रीन वेगळं हवंच. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत प्रति चौरस सेंटीमीटर २ मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर मोजतात. चेहऱ्यापुरता हा हिशेब एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत जातो. हलकं फाउंडेशन आपण त्याच्या निम्मंही लावत नाही, लावलं तर चेहरा रंगवलेला दिसेल. पण एक फायदा खरा आहे. आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतात, आणि वांग असलेल्यांना दृश्य प्रकाशानेही डाग गडद होण्याचा त्रास असतो. त्यामुळे सनस्क्रीनवर रंगीत थर असणं त्यांना उपयोगाचं ठरतं.

फाउंडेशन लावताना बारीक बारीक कण किंवा वळ्या सुटून येतात, कागदावर खोडरबर फिरवल्यासारख्या? त्याला पिलिंग म्हणतात. कारणं बहुधा तीन: खालचा थर न मुरणं, एकूण माल जास्त होणं, किंवा सिलिकोनच्या थरावर पाण्याचा थर न बसणं. आधी थांबायचा वेळ वाढवा, मग प्रमाण कमी करा, आणि तरीही होत असेल तर सनस्क्रीन बदलून बघा. फाउंडेशनला दोष सगळ्यात शेवटी द्या.

किती आणि कशाने

मटारच्या एका दाण्याएवढं घ्या. कमी वाटतं, पण पुरतं. हाताच्या पाठीवर काढा आणि बोटाने थोडं फिरवा, म्हणजे ते किंचित कोमट होऊन पातळ पसरतं. गालाच्या मध्यावर, नाकाच्या बाजूला, हनुवटीवर ठिपके द्या आणि मध्यातून बाहेर थोपटत न्या. केसांच्या रेषेपर्यंत आणि जबड्यापर्यंत येईतो बोटावर जवळजवळ काही उरायला नको. रेघ तशीच टळते. डोळ्यांखाली नवीन माल घेऊ नका, बोटावर राहिलेलाच टेकवा. तिथली त्वचा सगळ्यात पातळ असते आणि थर सगळ्यात आधी तिथेच घडी धरतो.

अशा फाउंडेशनला मला बोटंच आवडतात. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज थर आणखी पातळ करतो, पण थोडा माल स्वतःच पिऊन टाकतो. ब्रशने कव्हरेज वाढतं, पण कोरड्या जागी पापुद्रे उचकटतात. स्पंज आणि ब्रश आठवड्यातून एकदा तरी साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. पुष्कळदा मुरमांचं खापर फाउंडेशनवर फुटतं आणि दोष न धुतलेल्या स्पंजचा असतो.

अर्ध्या चेहऱ्याची चाचणी

आता मुख्य काम. पहिल्या दिवशी घरीच असाल असा दिवस निवडा. चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर नवीन फाउंडेशन, उजव्या अर्ध्यावर फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. आधी एखादं फाउंडेशन वापरत असाल तर उजवीकडे ते लावा. तुलना समोर असली की डोळ्याची फसगत होत नाही. एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून, फ्लॅश न वापरता चार फोटो काढा: लावल्यावर लगेच, एका तासाने, चार तासांनी, आठ तासांनी.

चौथ्या तासाला नीट जवळून बघा. आरसा नाकापासून वीतभर अंतरावर घ्या आणि नाकपुडीच्या कडेला जिथे गाल सुरू होतो ती चंद्रकोरीसारखी खाच बघा. चांगलं फाउंडेशन तिथे विरळ झालेलं दिसतं, त्वचेत विरून गेल्यासारखं. न जुळणारं तिथे साचतं आणि बारीक पिवळट-तपकिरी रेघ तयार होते. मग हनुवटीची खळगी बघा, भुवयांच्या मधली जागा बघा. हसा, चेहरा सैल सोडा आणि ओठांच्या बाजूची घडी बघा. हसून झाल्यावरही रेघ तशीच उरली तर माल जास्त आहे किंवा पाया कोरडा आहे. शेवटी पातळ टिश्यू कपाळावर पाच सेकंद नुसता टेकवा, घासू नका. टिश्यू तेलाने पारदर्शक झाला पण रंग आला नाही, तर तेल तुमचं आहे आणि फाउंडेशन जागेवर आहे. तेलाबरोबर रंगाचा पूर्ण ठसा आला तर ते तुमच्या त्वचेवर धरत नाही.

डोळ्यांना न दिसणारंही नोंदवा. दोन्ही गालांना हात लावून बघा: कुठला जास्त ताणलेला वाटतो? चार तासांनी फाउंडेशनचा गाल दुसऱ्यापेक्षा कोरडा वाटत असेल, तर बाटलीवर ओलाव्याबद्दल काहीही लिहिलेलं असो, तुमच्यासाठी ते खरं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पूर्ण चेहऱ्यावर लावा आणि रोज एकच गोष्ट बदला. एक दिवस बोटं, एक दिवस स्पंज. एक दिवस मॉइश्चरायझर जास्त, एक दिवस कमी. एक दिवस भरपूर चालणं, घाम येईल असा. एक दिवस एसीत बसून. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय बिघडलं ते कळत नाही आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. वहीत रोज दोन ओळी पुरेत.

नेहमीच्या अडचणी

दुपारी चमक येत असेल तर आधी टिश्यूने तेल टिपा, मग हवी तिथेच पावडर लावा: नाकाच्या बाजू, हनुवटी, कपाळाचा मध्य. तेलावर पावडर टाकली की पिठूळ थर तयार होतो. गालांना पावडर नकोच, नाहीतर ओलाव्याचं फाउंडेशन घेतल्याचा उपयोग काय?

कोरडे पापुद्रे उठून दिसत असतील तर वर फाउंडेशन वाढवू नका. मॉइश्चरायझरचा थेंब बोटावर चोळून तिथे हलकेच टेकवा. रोजच असं होत असेल तर रात्री दाट मॉइश्चरायझर लावा आणि खरखरीत स्क्रब सोडा. खालची त्वचा सुधारली की तेच फाउंडेशन वेगळं दिसू लागतं.

शेड थोडी गडद निघाली तर उजळ शेड मिसळता येते. जास्त दाट वाटलं तर हाताच्या पाठीवर मॉइश्चरायझरच्या थेंबात मिसळा, पण बाटलीत काहीही घालू नका. पाणी तर मुळीच नाही, त्याने परिरक्षक पातळ होऊन जंतू वाढू शकतात. फाउंडेशन सनस्क्रीनमध्येही मिसळू नका, सनस्क्रीनचा थर सलग बसत नाही.

फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा येत असेल तर कारण बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचं प्रमाण असतं. रोजच्या वापरात त्याने काही बिघडत नाही. समारंभ असेल तेव्हा आधी एक फोटो काढून बघा.

रात्री काढताना

हलकं असलं तरी नुसत्या पाण्याने जात नाही, सिलिकोन पाण्याला दाद देत नाही. आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर फिरवा, मग सौम्य फेसवॉश. पांढऱ्या कापसावर थोडं मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रव) घेऊन केसांच्या रेषेपाशी आणि जबड्याखाली एकदा फिरवा. कापूस रंगीत निघाला तर अजून शिल्लक आहे. मुरुमं पहिल्या आठवड्यात आली नाहीत तरी महिनाभर लक्ष ठेवा, विशेषतः जबडा आणि कपाळाच्या कडेला.

बाटलीमागे उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '१२ एम' असं काहीतरी छापलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने ती वापरायची. ३० मिलीची बाटली रोज अर्धा मिली वापरली तर साठेक दिवसांत संपते, पण अधूनमधून लावणाऱ्यांकडे ती वर्षानुवर्षं राहते. म्हणून झाकण उघडल्या दिवशीच तळाशी मार्करने तारीख लिहा. वास बदलला, हलवूनही तेल वेगळंच राहिलं किंवा रंग पट्ट्यापट्ट्यांनी पसरू लागला, तर तारखेची वाट न बघता ती टाकून द्या.